रोरी, ऊठ ना गं बाई!

काही माणसांचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटाही घालावासा वाटतो. माझ्यासाठी ही व्यक्ती म्हणजे ‘गिलमोर गर्ल्स’मधली रोरी गिलमोर.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० ते २००७, एकूण सात सीझन. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं स्टार्स हॉलो नावाचं काल्पनिक गाव, सोळाव्या वर्षी आई झालेली लॉरेलाय आणि तिची पुस्तकी किडा लेक. दोघी बोलायला लागल्या की सबटायटल्स वाचतानाही धाप लागते. लेकीला व्हायचंय पत्रकार, तेही क्रिस्टियान अमनपूरसारखी. म्हणजे आपल्याच लाईनमधली. त्यामुळे माझा राग जरा जास्तच पर्सनल आहे.

डीन, जेस की लोगन, यावर फॅन्स अजून भांडतात. मला तिघांचाही वैताग येतो. डीन तिच्यासाठी स्वतः गाडी बनवतो आणि ती लगेच ‘आय लव्ह यू’ म्हणाली नाही म्हणून त्याच रात्री ब्रेकअप! जेस न सांगता गाव सोडून जातो. लोगनचा खिसा बापाच्या पैशाने भरलेला. पुढे डीनचं लग्न झालेलं असताना रोरी त्याच्याबरोबर रात्र घालवते आणि आई चिडली तर म्हणते, तो आधी माझा होता. अगं, तो काय लोकलमधली विंडो सीट आहे?

पण हेही एकवेळ सोडून देऊ. खरा संताप येतो पाचव्या सीझनमध्ये. लोगनचा बाप मिचम, पेपरांचा मालक, रोरीला इंटर्नशिप देतो आणि शेवटी सांगतो की पत्रकार व्हायला जे लागतं ते तुझ्यात नाही. एका माणसाचं एक मत! यावर ही बाई काय करते? लोगनला घेऊन कुणाची तरी यॉट पळवते, पोलिसांच्या तावडीत सापडते, येल सोडते आणि आजी-आजोबांच्या पूल हाऊसमध्ये राहायला जाते. शिक्षा काय, तर ३०० तास समाजसेवा.

आमच्याकडे स्टोरी ‘जागा नाही’ म्हणून परत येते, मेलला उत्तर येत नाही, पेमेंट तर त्याहून नाही. तरी एक तारखेला भाडं द्यावंच लागतं. फ्रीलान्सरला पूल हाऊस नसतं, बॉस!

आणि याच सीरियलमध्ये पॅरिस आहे. हार्वर्डने नाकारल्यावर ती टीव्ही कॅमेऱ्यासमोर कोसळते, पण येलला जाते. पुढे आईवडिलांचे पैसे गोठवले जातात तेव्हा पार्टीत ट्रे घेऊन फिरायचंही काम करते. लेन आहे. आईपासून लपून रॉक संगीत जगलेली ही पोरगी घराबाहेर पडावं लागल्यावर ल्यूकच्या हॉटेलात ऑर्डरी घेते आणि ड्रम्सही सोडत नाही. (लेखकांनी तिच्या पदरात जुळी टाकून तिला घरी बसवलं, त्याचा राग वेगळाच.) पण सगळं गाव टाळ्या वाजवतं ते फक्त रोरीसाठी.

गोची तिथेच आहे. लहानपणापासून ‘आमची हुशार पोर’ ऐकत मोठं झालं की नकार पचवायची प्रॅक्टिसच होत नाही. आपल्याकडे दहावीच्या मेरिटवाल्यांना पहिल्या अप्रेझलला बघा, तोच पडलेला चेहरा.

२००७च्या शेवटच्या दोन भागांत ती लोगनचं लग्नाचं विचारणं नाकारते आणि ओबामांच्या प्रचाराचं रिपोर्टिंग करायला निघते. मी टाळ्या वाजवल्या होत्या. मग २०१६ मध्ये चार नवे भाग आले. रोरी ३२ वर्षांची. एका वेबसाईटच्या इंटरव्ह्यूला जाते ते नोकरी आपलीच धरून, डोक्यात एकही स्टोरी आयडिया नसताना. वर स्टोरीसाठी एकाशी बोलताना चक्क डुलकी लागते! पॅरिस तोपर्यंत स्वतःचं फर्टिलिटी क्लिनिक चालवत असते.

तुमच्याही ऑफिसात एक पॅरिस असेलच. चिडकी, हट्टी, मीटिंगमध्ये नको ते प्रश्न विचारणारी. तिच्यासाठी टाळ्या कुणी वाजवत नाही. उद्या लंचला डबा घेऊन तिच्या टेबलावर जाऊन बसा. ‘नाही’ ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर कसं यायचं, ते तिला विचारा.