कोलेस्टेरॉलची गोळी आणि फिटची धास्ती

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. दीड वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तरुणपणी फिट येत, म्हणून तीस वर्षे ते फेनिटॉइनची गोळी घेतात. "डॉक्टर, कोलेस्टेरॉलची गोळी मी बंद केलीय," त्यांनी सहज सांगितले. "मेंदू म्हणजे चरबीच. ती कमी केली की फिट येणारच, असं शेजारचे म्हणाले." पंधरा दिवस गोळी बंद होती! हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने असे करावे, याचीच मला फिटपेक्षा जास्त धास्ती वाटली.

शेजाऱ्यांचे बोलणे अगदीच हवेतले नाही. शरीरातील कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो. पण मेंदू आपले कोलेस्टेरॉल आपणच तयार करतो, रक्तातल्यावर तो अवलंबून नसतो. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन वगैरे स्टॅटिन गटातील औषधे मुख्यतः यकृतात काम करतात. रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले म्हणून मेंदू उपाशी राहत नाही.

आणि या गोळीचा फायदा काही ऐकीव नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन देशांतील चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले.

फिटच्या बाबतीत तर गंमत उलटीच आहे. २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. फिटमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २१७ जणांची तुलना २,१७० इतर रुग्णांशी केली. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये असा धोका सुमारे एक तृतीयांश कमी दिसला. उतारवयात नव्याने फिट सुरू होण्याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूतील रक्तपुरवठा अडून होणारा पक्षाघात, आणि स्टॅटिन तो टाळायला मदत करते. त्यामुळे हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण म्हणून कोणी फिटवर इलाज म्हणून ही गोळी सुरू करू नये. नोंदी चाळून केलेला अभ्यास एवढे सिद्ध करू शकत नाही. जो माणूस गोळी नेमाने घेतो तो बहुधा तंबाखू सोडतो, फिरायलाही जातो. मग श्रेय नेमके कोणाचे?

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल शेजारी काय, डॉक्टरही फारसे बोलत नाहीत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही फिटवरची जुनी, स्वस्त आणि चांगली औषधे. मात्र ती यकृताला जादा कामाला लावतात. मग यकृत स्टॅटिनची गोळीही भराभर जिरवून टाकते आणि तिचा परिणाम कमी पडतो. शिवाय ही औषधे स्वतःच कोलेस्टेरॉल थोडे वाढवतात. गुरुजींचा रिपोर्ट वर्षभर खाली येत नव्हता तो यामुळे. घरात मात्र दोष तेलाला! त्यांच्या पत्नीने शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद केली होती.

शहरातल्या ज्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली तिथे फिटच्या गोळीचे सांगितले होते का, असे मी विचारले. गुरुजी गप्प राहिले. त्यांनी विचारले नाही, यांनी सांगितले नाही. मला राग येतो तो इथे. साखर, रक्तदाब आपण चारचौघांत सांगतो. फिट मात्र लपवतो. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून लपवलेली गोष्ट मुलीला नातवंडे झाली तरी लपलेलीच राहते. हृदयाची फाईल एका पिशवीत, फिटची चिठ्ठी कपाटात. आणि आम्ही डॉक्टर मंडळी घाईत "आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" एवढेही विचारत नाही. यात आमचा दोष रुग्णापेक्षा जास्त आहे, असे मी मानतो.

हे वाचून कोणी फिटची गोळी मात्र परस्पर बंद करू नये. ती एकदम सोडली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते. गुरुजींची स्टॅटिन मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली आणि दोन्ही चिठ्ठ्या देऊन त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. ते आता फेनिटॉइन हळूहळू उतरवून लेव्हेटिरासेटाम देत आहेत. यकृताला ते तसे कामाला लावत नाही. फेनिटॉइन सुटल्यावर त्याच स्टॅटिनचा जोर वाढेल, म्हणून मात्रा पुन्हा पाहावी लागेल. मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली तर लगेच या, असे बजावले आहे.

परवा पती-पत्नी दोघेही आले होते. दोन्ही फायली एकाच पिशवीत होत्या. निघताना बाईंनी हळूच विचारले, "चटणी द्यायची का मग?" म्हटले, द्या चमचाभर, मीठ बेताचे घाला.