विपणनाची खरी शाळा

विपणन हा शब्द उच्चारला की जाहिरातींचे फलक, रंगीत माहितीपत्रके आणि प्रशिक्षण केंद्रांतील व्याख्याने डोळ्यांसमोर येतात. वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसार ही विपणनाची चार अंगे वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेली असतात. या शास्त्राचे महत्त्व मला अमान्य नाही. तथापि, बँकेच्या काउंटरवर काही वर्षे काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, विपणनाला लागणारे बहुतेक गुण आपण पुस्तके हाती घेण्यापूर्वीच घरात, शेजारात आणि बाजारात शिकलेले असतो. कामावर येताना ते सोबत आणायचे मात्र राहून जाते.

‘बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही,’ असे आपल्याकडे म्हणतात. विक्रीच्या कामात ही म्हण फार सांगितली जाते. पण तिच्यात एक धोका आहे. माती विकत घेणारा माणूस दुसऱ्यांदा त्या दुकानात येत नाही. बँकेचा व्यवहार तर एका दिवसाचा नसतो. मुलाच्या नावाने उघडलेल्या बचत खात्यावर पुढे त्याचा पगार जमा होतो, मग घरासाठी कर्ज निघते आणि वार्धक्यात त्याच खात्यावर निवृत्तिवेतन येते. इतक्या दीर्घ नात्यात बोलण्यापेक्षा ऐकण्याचे मोल अधिक आहे.

आपल्या गल्लीतील किराणा दुकानदार पाहा. ‘नवा तांदूळ आलाय, पण तुम्ही नेऊ नका. तुमच्याकडे मोकळा भात लागतो, हा चिकट होईल,’ असे तो आपण होऊन सांगतो. तेवढ्यापुरती त्याची विक्री बुडते, परंतु महिन्याची यादी त्याच्याकडेच येते. कोणत्या घरात काय चालते हे त्याने ऐकून लक्षात ठेवलेले असते आणि नको ते नको म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी असते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ग्राहकांच्या हक्कांची सनद जाहीर केली. तिच्यातील पाच हक्कांपैकी एक हक्क असा, की ग्राहकाला देऊ केलेली योजना त्याच्या गरजेला आणि परिस्थितीला अनुरूप असली पाहिजे. तांदळाच्या पोत्याजवळ उभ्या असलेल्या त्या दुकानदाराला ही गोष्ट कोणी परिपत्रक काढून सांगितलेली नव्हती.

संबोधनाचेही तसेच आहे. राष्ट्रीय बँकेतील अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होते. गुजरातेत नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लावले, हैदराबादेत ‘गारू’ म्हटले, की काउंटरपलीकडच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. शाखेतील फलक तीन भाषांत लावले म्हणजे नियमाची पूर्तता होते. ग्राहकाच्या भाषेतील चार शब्द मोडकेतोडके का होईना, बोलले, तर आपुलकी निर्माण होते.

आणखी एक साधी रीत म्हणजे एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी न सांगणे. ‘काका, तुमच्या पाच लाखांच्या ठेवीची मुदत संपली!’ असे भरलेल्या शाखेत मोठ्याने सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ते ऐकून काकांना संकोच वाटतो. गोपनीयता हाही त्याच सनदेतील एक हक्क आहे.

यावर कोणी म्हणेल की, शिष्टाचाराने उद्दिष्टे पूर्ण होत नाहीत. मार्चअखेरचा ताण मीही जाणतो. पण याच ताणाखाली आपल्या व्यवसायातील सर्वांत गंभीर चूक घडते. मुदत ठेवीचे नूतनीकरण करण्यासाठी आलेल्या वृद्ध ग्राहकाच्या हाती दरवर्षी हप्ता भरावा लागणारी विमा पॉलिसी पडते. विमा वाईट नाही. तरुण कर्त्या माणसाला तो अवश्य हवा. मात्र ज्याला दर तिमाहीला व्याजाची गरज आहे, त्याच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आपल्याच शाखेत उपलब्ध असते आणि २०२३ पासून तिची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे. ती ठाऊक असूनही न सांगणे म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचे पथ्य माहीत असताना त्याला भरल्या ताटाचा आग्रह करण्यासारखे आहे. आपल्या घरी आपण असे करणार नाही. मग शाखेत का करावे?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. विमा पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याची मुभा ग्राहकाला आहे. शाखेच्या मासिक आढाव्यात किती पॉलिसी विकल्या याबरोबरच किती परत आल्या आणि किती ग्राहकांनी दुसऱ्या वर्षीचा हप्ता भरला, हेही विचारले जावे. या आकड्यांवरून आपण गरज भागवली की केवळ आग्रह केला, हे समजेल.

ग्राहकबंधू-भगिनींनीही भिडेस पडू नये. सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पैसे किती वर्षे अडकतील? मध्येच लागले तर किती परत मिळतील? आणि पुन्हा केव्हा भरावे लागतील? या प्रश्नांनी आमचा अपमान होत नाही. उलट, त्यांची शांतपणे उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ग्राहक पुढच्या वेळी आपल्या भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतो. त्या शेजाऱ्याला शाखेत आणण्यासाठी बँकेला कोणतीही जाहिरात करावी लागलेली नसते.