शिष्यवृत्ती, श्रम आणि कर

१/ मार्च १९२० मध्ये कागल संस्थानातील माणगाव येथे राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वावर जाहीर विश्वास व्यक्त केला. त्याच वर्षी आंबेडकर लंडनला गेले. त्यासाठी महाराजांनी अर्थसाहाय्यही केले.

२/ हे त्यांचे लंडनला दुसऱ्यांदा जाणे होते. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत १९१७ मध्ये संपली आणि करारानुसार त्यांना शिक्षण अर्धवट टाकून नोकरीसाठी परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, तेव्हा कोठे पुन्हा प्रस्थान घडले.

३/ १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी सोळाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत संघीय प्राप्तिकराचा मार्ग खुला झाला. त्यांचे गुरू सेलिग्मन हे करशास्त्राचे अधिकारी विद्वान. राज्य आणि नागरिक यांच्यातील आर्थिक नाते हाच आंबेडकरांच्या संशोधनाचा गाभा होता.

४/ आज कोल्हापुरातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थानी करार नव्हे, तर व्हिसाच्या अटी बांधून ठेवतात. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरच्या कामासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

५/ करांचेही तसेच. करदृष्ट्या अनिवासी विद्यार्थी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरतो. उत्पन्न नसले तरी ८८४३ हा अर्ज द्यावा लागतो. भारत-अमेरिका करारातील २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. इतर देशांच्या बहुतेक अनिवासींना ती मिळत नाही. हे ठाऊक नसेल, तर हक्काचा पैसा हातून जातो.

६/ कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना रोखीने, नोंदीविना काम करावेच लागते, असा युक्तिवाद होतो. अडचण खरी आहे. परंतु नोंद नसलेल्या मजुराचे वेतन बुडाले, तर तो दाद मागण्यासही कचरतो. उघडकीस आल्यास व्हिसा आणि पदवी दोन्ही धोक्यात येतात. ज्याच्यापाशी घरचे पाठबळ नाही, त्यालाच ही जोखीम सर्वाधिक महाग पडते.

७/ अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने दिली जाते. पैशाबरोबर श्रमाचे नियम आणि कराची रीतही प्रस्थानापूर्वी शिकवली गेली पाहिजे. कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी हे काम दलालांवर सोडू नये. १९१७ मध्ये एका विद्यार्थ्याचे शिक्षण पैशाअभावी खंडित झाले. आज ते केवळ अज्ञानापायी खंडित होणे अक्षम्य ठरेल.