रेघ कुणाला विचारून ओढणार?


‘डहाणू ते झाई सागरी अभयारण्य करा, मासेमारी बंद करा’ हे पत्र वाचले. समुद्राच्या तळाची काळजी रास्त आहे, पण पत्रलेखकांचा रोख चुकला आहे. डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या खडकांवर ओहोटीला बायका कालवं फोडतात, कपारींत शेवंड सापडते. त्यांच्या कोयत्याने तळ उजाड झालेला नाही. याच समुद्रात वाढवण बंदरासाठी चौदाशेहून अधिक हेक्टर भराव व्हायचा आहे आणि त्याची रेती दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसायची आहे. पत्रात याबद्दल अवाक्षर नाही! डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदर नाकारले, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. मग कागदावरच्या आणखी एका रेघेवर कोळ्यांनी का विसंबावे?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. तिथेही स्थानिकांचा विरोध झालाच. इथे तर डोल जाळ्यांच्या कवी (समुद्रात रोवायचे खांब) कुणी कुठे माराव्यात यावरून वसई आणि डहाणूकडच्या मच्छीमारांत जुना वाद आहे. खडक कुठे, गाळ कुठे, हे या मंडळींना पाठ असते. नकाशा करायचा तर आधी मच्छीमार सोसायट्यांना बोलवा. तळ खरवडणारे ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब ठेवा. गळ आणि डोल चालू द्या. आणि दमणसमोरच्या उपशाच्या जागी तळात काय जगते याचा तपशील मराठीतून, गावागावांत वाचून दाखवा.

– एक वाचक, डहाणू