मुदतीपुढे राव आणि रंक

खेड तालुक्यातील निघोजे व चाकणच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग घडविणारे लहान कारखानदार माल आधी देतात आणि पैशाची वाट मागाहून पाहतात. माल घेणारी कंपनीच नादार झाली, तर त्यांच्या हाती काय उरते? उरतो तो एक दावा, आणि तोही मुदतीने बांधलेला! 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखालील नियमांप्रमाणे, हंगामी व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून 14 दिवसांत तो पुराव्यानिशी दाखल करावयाचा असतो. उशिराची कारणे दिल्यास थोडी सवलत मिळते; तीही संपली की दार बंद. 287 दिवस उशिरा आलेला एक दावा सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली नाकारला, आणि जाहीर सूचना निघाली म्हणजे ती धनकोस कळलीच असे मानले.

हा दंडक कठोर खरा; परंतु त्यास आम्ही अन्याय्य म्हणणार नाही. कारण तो सरकारलाही सुटलेला नाही. मंजूर आराखड्यात समाविष्ट नसलेले केंद्राचे, राज्याचे वा स्थानिक संस्थेचे येणेही संपुष्टात येते, असे त्याच न्यायालयाने 2021 साली सांगितले आहे. अमेरिकेत मात्र सरकारांना, परकीय सरकारांसुद्धा, दाव्यासाठी 180 दिवस मिळतात. तो कित्ता आपण गिरवू नये.

पण नादार कंपनीचेच पैसे एखाद्या परकीय राज्याकडे अडकले असतील तर? ते वसूल झाले, तरच निघोज्याच्या कारखानदाराच्या पदरी काही पडावयाचे. येथे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 86 आडवे येऊ शकते. केंद्र सरकारच्या लेखी संमतीवाचून परकीय राज्यावर दावा चालत नाही, आणि त्या संमतीस कलमाने कालमर्यादा घातलेली नाही. लहान माणसाचे घड्याळ दिवस मोजते. राज्याच्या घड्याळाला काटेच नाहीत! मुंबईहून दार-ए-सलामला धाडलेल्या मालाच्या तंट्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने इथिओपियन एअरलाइन्सला हे कवच नाकारले. पण तो निर्णय ग्राहक संरक्षण व हवाई वाहतूक कायद्यांच्या आधारे झाला. नादारीच्या संहितेत असे स्पष्ट कलम असावयास हवे.

परराष्ट्रांच्या वकिलातींचा मान राखलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र जे राज्य बाजारात उतरून खरेदी-विक्री करते, ते त्या व्यवहारापुरते व्यापारीच होय. म्हणून व्यापारी येण्यास कलम 86 ची आडकाठी नसावी. निदान संमतीचा निर्णय ठराविक दिवसांत व्हावा.

आणि एक गोष्ट घरच्यासाठी. हिशेबाच्या वह्यांत नोंदलेल्या धनकोंस सूचना धाडावी, असा नियम 2022 साली झाला; पण पत्ता उपलब्ध नसल्यास वृत्तपत्रातील जाहिरातच पुरेशी मानली जाते. परगावच्या वृत्तपत्रातील जाहिरात निघोज्यात कोण वाचणार? ज्यास सूचना पोचलीच नाही, त्याची मुदत ती पोचेपर्यंत सुरू होऊ नये. मुदत सर्वांना सारखी असावी हे खरे. पण ती सुरू झाल्याची घंटाही सर्वांना ऐकू यावयास नको काय?