लग्नाच्या माहितीपत्रकात आमचं गाव कुठंय?

मंडळी, तुळशीचं लग्न लागलं की नेरळ-कर्जत पट्ट्यात दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची लग्नं उतरतात. हॉलमधली नाहीत. डोंगराच्या पायथ्याला, नदीच्या काठाला, तंबूतली. दोन रात्री, तीन दिवस. पाहुण्यांना आधी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ जाते, 'पाहुण्यांसाठी माहिती'. मंडपवाला, केटरर, ड्रायव्हर यांच्या मोबाईलवरून फिरत फिरत ती आमच्यापर्यंत पोचतेच. गेल्या दोन-तीन सीझनमध्ये अशा सात-आठ तरी वाचल्या असतील. कॅम्प वेगळे, मजकूर तोच.

हळदीला पिवळं घाला. संगीतला चमचमीत घाला. रेंज नाही, त्याचाही आनंद घ्या. डास असतात, क्रीम आणा. आणि एक वाक्य ठरलेलं: आजूबाजूला कोणी नाही, त्यामुळे म्युझिक रात्रभर चालेल.

आजूबाजूला कोणी नाही?

साहेब, त्या 'कोणी नाही' मध्ये एक ठाकरवाडी आहे, एक कातकरवाडी आहे आणि रस्त्याच्या अलीकडे अख्खं गाव आहे. दहावी-बारावीची पोरं आहेत. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आहेत. पहाटेची लोकल पकडून ठाण्याला कामावर जाणारे आहेत. कातकरवाडी तुम्हाला रिकामी दिसत असेल, कारण दिवाळीनंतर तिथली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोटासाठी बाहेर गेलेल्या माणसाच्या घराला कुलूप दिसलं म्हणून त्याच्या गावाचं जंगल होत नाही.

आधीच सांगतो, लग्नांना माझा विरोध नाही. रिक्षावाल्याला भाडं मिळतं, फुलवाल्याचा माल जातो, आमच्या पोरांना वाढप्याचं का होईना काम मिळतं. नेरळजवळच सगुणा बागेनं शेती चालू ठेवून पर्यटन करून दाखवलं आहे, तेही आपल्या डोळ्यांसमोर. माझं भांडण त्या पीडीएफशी आहे. पाहुणा बिचारा नवखा असतो. त्याला जे सांगाल ते तो खरं मानतो आणि तसाच वागतो.

गेल्या फेब्रुवारीत शनिवारी बारावीचा पेपर होता. शुक्रवारी रात्री पावणेदोनला ढोल आणि डीजे दोन्ही चालू. मी कॅम्पच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "सर, गेस्टना आम्ही आधीच लिहून दिलंय की इथे रात्रभर चालतं." म्हणजे आमची झोप त्यांनी पॅकेजमध्ये घालून विकून टाकली होती!

तर या पत्रकात खरं काय लिहायला हवं, ते मीच लिहून देतो. फुकट.

१. आवाज. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण कापडाच्या भिंती लावल्या म्हणून तंबूचं सभागृह होत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांसाठी. कुणाच्या मेहुण्याच्या संगीतासाठी नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या या बंदीवर शिक्कामोर्तब केलं आहे. वस्तीच्या भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. डीजेवाला साऊंड चेक करतो तेव्हाच ती संपलेली असते.

२. प्रवास. 'नेरळ स्टेशनपासून १५ मिनिटं' लिहिता, मग हेही लिहा की रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो, वेळापत्रक बघून निघा. जाता जाता माथेरान करणाऱ्यांना सांगा की गाडी दस्तुरीपर्यंतच जाते आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज मिनी ट्रेन बंद असते. आणि मुख्य म्हणजे, वाडीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लावू नका. बाळंतीण घेऊन निघालेली रुग्णवाहिका त्याच रस्त्यानं जाते, दुसरा रस्ताच नाही.

३. साप. यावर सगळ्या पत्रकांत चिडीचूप. नाग, घोणस, फुरसं, मण्यार, चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. त्यातला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, कधी कधी चावल्याचं कळतही नाही. तंबूची चेन बंद ठेवा, अंधारात बॅटरी आणि बूट घातल्याशिवाय फिरू नका. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. माणसाला स्थिर ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा. नेरळला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय. हे दोन फोन नंबर पत्रकात ड्रेसकोडच्या वर पाहिजेत.

४. नदी. पेज बारमाही वाहते म्हणून फोटोला छान. पण तिच्यात येणारं पाणी भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटतं. पाणी सुटलं की गुडघ्याचं कमरेला यायला वेळ लागत नाही. दारू पिऊन पात्रात उतरू नका, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

५. कचरा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी सोमवारी सकाळी ओढ्यात काय सापडतं ते येऊन बघा. आमचे ओढे उल्हासला मिळतात आणि तेच पाणी खाली बदलापूरच्या बॅरेजवर पिण्यासाठी उचललं जातं. अंबरनाथ-बदलापूरच्या वऱ्हाड्यांनो, तुम्ही इथे जे टाकून जाता त्याच्यावरून वाहत आलेलं पाणी तुमच्या नळाला येतं.

६. आग. लग्न लागल्यावर पेटते कंदील आकाशात सोडायची नवी फॅशन आहे. मार्चमध्ये डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. वणवा लागला की विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन वाडीतलीच माणसं धावतात. तुम्ही तोवर पनवेलला पोचलेले असता.

७. पाऊस. आता पावसाळ्यातलीही पॅकेजं निघाली आहेत. डोंगर पोखरून केलेल्या सपाटीवर तंबू ठोकणाऱ्यांनी खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ ची रात्र. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. डोंगर कॅम्पवाल्यांना वेगळा नियम लावत नाही.

आता थोडं आपल्यांना. सगळा दोष मुंबईवाल्यांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. जमीन आपणच विकली. सपाटी केली तो जेसीबी आपल्याच माणसाचा. एप्रिलमध्ये वाडीतल्या बाया हंडे घेऊन लांब जातात आणि त्यांच्या समोरून कॅम्पच्या स्विमिंग पुलासाठी टँकर जातो, तोही आपल्याच माणसाचा. तक्रार करायला गेलं की ग्रामपंचायतीत उत्तर मिळतं, "जाऊ द्या, एका रात्रीचा तर प्रश्न आहे." नोव्हेंबर ते मे किती शनिवार होतात, ते कॅलेंडर काढून मोजा.

माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. कोणत्या कॅम्पची जागा त्यात येते, कोणाला कसली परवानगी आहे, हे ग्रामपंचायतीनं फलकावर लावावं. मागायला ग्रामसभेत हात वर करावा लागतो, तेवढं करा.

मागण्या तीनच. एक, प्रत्येक कॅम्पनं पाहुण्यांच्या पत्रकात गावाचं आणि शेजारच्या वाड्यांचं नाव लिहावं. दोन, लग्नाआधी त्या पत्रकाची प्रत ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला द्यावी, म्हणजे 'रात्रभर म्युझिक' हे लेखी आश्वासन कायद्यापुढे येईल. तीन, यजमानांनी बुकिंगचे पैसे भरण्याआधी विचारावं: दहानंतर काय, कचरा कुठे जातो, जवळचा दवाखाना कोणता? उत्तर नसेल तर तो कॅम्प घेऊ नका.

आणि गावकऱ्यांनो, रात्री दहानंतर आवाज आला तर ११२ फिरवा. एकानं फिरवला तर 'खडूस' म्हणतात. चाळीस घरांनी फिरवला तर गाडी येते.

वऱ्हाडी मंडळी, या. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारल्याशिवाय घरात घेत नाहीत. फक्त कुणाच्या गावात आलोय एवढं माहीत असू द्या. यंदा ज्यांच्या घरचं लग्न कॅम्पवर ठरलंय, त्यांना हे नक्की पाठवा.