कोणाचं 1977?

इन्स्टाग्रामच्या जुन्या फिल्टरांपैकी एकाचं नाव ‘1977’. तो लावला की फोटोवर गुलाबी झाक येते आणि काळा रंग फिका पडतो. पण 1977 साली महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतले फोटो कृष्णधवल होते. आग्फा क्लिक थ्रीमध्ये एकशेवीसचा रोल भरायचा, बारा चौकोनी फोटो निघायचे आणि रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा. रंगीत प्रिंट सर्रास दिसू लागल्या त्या नंतर. मुलाच्या बारशाच्या फोटोवर हा फिल्टर लावणारे आईबाबा त्याला ज्या काळाचा रंग देतात, तो काळ त्यांच्या घरात कधी नव्हताच.

रेट्रो फिल्टर देणाऱ्या अ‍ॅपची तुलना करताना मी म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारतो: हे अ‍ॅप फिल्मची नक्कल करतंय की फिल्मच्या म्हातारपणाची?

रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात आणि ती एकाच गतीने उडत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या अनेक प्रिंट बंद अल्बमात राहिल्या तरी त्यांतला निळसर-हिरवा रंग आधी गेला, म्हणून त्या आज लालसर दिसतात. भिंतीवर उजेडात टांगलेल्या प्रिंटची तऱ्हा आणखी निराळी. कागद कुठला, धुलाई कशी झाली, अल्बम कपाटात होता की ओलीच्या भिंतीजवळ, यावर सगळं ठरतं. दोन घरांतले जुने फोटो सारखे विटत नाहीत. फिल्टर मात्र सगळ्यांना एकच विटलेपण वाटतो.

हुजी कॅमबद्दल माझी तक्रार याहून मोठी आहे. 2018च्या सुमारास गाजलेलं हे अ‍ॅप वापरून फेकायच्या कॅमेऱ्याची नक्कल करतं. फोटोच्या कडेने उजेड शिरल्यासारखे तांबडे पट्टे येतात. तेवढं चालेल. पण कोपऱ्यात तारीख छापली जाते, तिच्यात साल असतं 98. घरगुती फोटोत माणसं, जागा आणि वेळ एवढंच तर असतं. त्यातली वेळच खोटी केली, तर तीस वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याने काय समजायचं?

हिप्स्टामॅटिक मला याउलट प्रामाणिक वाटतं. ते 2009च्या डिसेंबरात आलं, कोडॅकने कोडाक्रोम ही फिल्म बंद केल्याची घोषणा केली त्याच वर्षी. त्यात फोटो काढण्याआधी लेन्स आणि फिल्म निवडावी लागे. फोटो कसा यावा हे समोरचं दृश्य पाहतानाच ठरवायचं, हीच छायाचित्रकाराची खरी सवय. ऑक्टोबर 2010मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामने क्रम उलटा केला: आधी फोटो, मग फिल्टर. त्याचा ‘एक्स-प्रो टू’ हा फिल्टर निघाला तो स्लाइडची फिल्म निगेटिव्हच्या रसायनांत धुण्याच्या जुन्या प्रयोगावरून. त्या प्रयोगात रंग कसे भडकतील याचा नेम नसे. फिल्टरने तो नेम पक्का केला आणि मजा तिथेच संपली.

2017च्या कोरियन गुडाक कॅमने तर वाट पाहणंच परत आणलं. चोवीस फोटोंचा रोल, तो संपवायचा आणि फोटो दिसायला तीन दिवस थांबायचं. हातात चोवीसच फोटो असले की माणूस समोरच्याकडे नीट बघतो. रंगांच्या कुठल्याही करामतीपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

रोजच्या वापरासाठी मात्र माझी पसंती व्हीस्कोला. कोडॅक पोर्ट्रासारख्या खऱ्या फिल्म समोर ठेवून रंगछटा बनवायच्या, हे त्या कंपनीचं पहिल्यापासूनचं काम. परिणाम किती ठेवायचा हे आपल्या हातात असतं. निम्म्यावर आणला तर सावळी त्वचा सावळीच राहते, आणि आपल्या लोकांच्या फोटोंसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

बातमीच्या फोटोवर यातलं काहीच नको, असं माझं ठाम मत आहे. डेमन विंटर यांनी 2010मध्ये अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैनिकांचे हिप्स्टामॅटिकने काढलेले फोटो ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आले, पुढे त्यांना ‘पिक्चर्स ऑफ द इयर’ स्पर्धेत तिसरं पारितोषिकही मिळालं आणि त्यावर मोठा वाद झाला. ते फोटो उत्तमच आहेत. तरीही चालू युद्ध जुन्या फोटोसारखं दाखवलं की ते संपून गेल्यासारखं वाटतं, आणि वाचकाची त्यातली जबाबदारी हलकी होते.

घरच्या फोटोंवर फिल्टर हौसेने लावा. फक्त लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन मूळ फोटो वेगळा जपला जातोय ना, हे तपासा. जपला जात नसेल तर फोटो फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काढा आणि फिल्टर त्याच्या प्रतीवर लावा. छापलेली तारीख चुकीची असेल, तर ती आजच बंद करा.